गुंडाला शिक्षा होत नाही

येरळेच्या काठी, तासगावच्या अलीकडं कुरणवाडी नावाचं गाव होतं आणि तिथं गुंडा दोर वळायचा. त्याचा कासरा हातात घेतला की गिऱ्हाईक दुसरीकडं बघत नसे. पण गुंडाला अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. आपण नजर ठेवली नाही तर देवाचा कायदा कुरणवाडीत एक दिवसही टिकायचा नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी त्याचं नाव याकोब ठेवलं होतं. ते नाव डोक्यावरच्या पाण्याबरोबरच वाळून गेलं आणि गुंडा गुंडाच राहिला. गावकुसाबाहेर ख्रिस्ती घरांची वस्ती होती. वस्तीत एक कौलारू प्रार्थनामंदिर होतं, त्याला सगळे देऊळच म्हणत. देवळापुढं दोन खांब रोवून आडव्या दांडीला घंटा टांगलेली होती. या ख्रिस्ती मंडळीचा कारभार पंच बघत आणि त्या पंचांत गुंडाइतका कडक कुणी नव्हता. रविवारी कुणाच्या घरातून जात्याची घरघर ऐकू आली की हा दारात उभाच. रविवार पवित्र पाळायची चौथी आज्ञा म्हणून दाखवायचा आणि पीठ अर्धं राहिलं तरी जातं थांबवायला लावायचा.

गुंडाला वाचता येत नव्हतं, पण हरिबा मास्तर वाचून दाखवायचे त्यातलं अक्षर तो विसरायचा नाही. हे हरिबा मास्तर म्हणजे वस्तीचे उपदेशक आणि शाळामास्तर, दोन्ही. लुटीतलं सोनं तंबूत पुरणारा आखान दगडांखाली कसा गेला, मागं वळून बघणारी लोटाची बायको मिठाचा खांब कशी झाली, लबाड गेहजीच्या अंगावर कोड कसं फुटलं, हे सगळं गुंडा असं सांगायचा की जणू परवाच शेजारच्या वाडीत घडलंय. प्रभूच्या दयेचा धडा लागला की मात्र त्याला हमखास डुलकी यायची.

वस्तीत कुणाचं काही बिनसलं की गुंडाला त्यामागचं पाप लगेच दिसायचं. शेजारणीची कोंबडी घारीनं नेली तेव्हा तो दोन दिवस त्या बाईचं पाप शोधत होता.

"आवं, घारीला भूक लागली आसंल," त्याची बायको बनुबाई म्हणाली.

"पर घार धाडली कुनी?" गुंडानं विचारलं.

बनुबाईनं भाकरी परतली आणि त्याला जेवायला वाढलं. एवढा मोठा पंच भाकरीला मात्र बायकोवरच अवलंबून होता, हे तिला ठाऊक होतं.

गंमतीची गोष्ट इथवरच. कारण गुंडाच्या या सवयीनं एक घर खरोखर दुखावलं होतं, आणि ते त्याच्या सख्ख्या पुतण्याचं होतं.

पुतण्याचं नाव सिद्धू. दोर वळायला दोघं लागतात. एकानं लाकडी फिरकी फिरवून घायपाताच्या वाकाला, म्हणजे धाग्यांना, पीळ भरायचा आणि दुसऱ्यानं समोरचं टोक धरून दोर आखडेल तसं पुढं सरकायचं. गुंडाच्या समोरचं टोक सिद्धू मिसरूड फुटल्यापासून धरत आला होता. दोघं दिवसभर एकमेकांकडं तोंड करून उभे असायचे आणि गुंडा त्याला आखान-गेहजी ऐकवायचा. सिद्धू गुणी पोरगा, "व्हय तात्या, व्हय तात्या" म्हणत ऐकून घ्यायचा. मागच्या वर्षी जतकडच्या एका जत्रेत दोरांना गिऱ्हाईक चांगलं आहे असं कळलं, आणि सिद्धू चुलत्याला न विचारता रविवारी गाडी जुंपून तिकडं गेला. तो परत आला तेव्हा त्याची धाकटी पोर, रूत, तापानं फणफणली होती. ती त्या तापातून उठली नाही.

माती देऊन लोक परतत होते. सिद्धूची बायको चंद्राबाई बायकांच्या खांद्यावर मान टाकून चालली होती. तेव्हा गुंडा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "रविवार मोडला, त्येची ही शिक्षा हाय. देवाचा हात हाय ह्यो."

त्या दिवसापासून सिद्धूनं चुलत्याच्या दोराचं टोक सोडलं. नवरा-बायको देवळात यायचे बंद झाले. सिद्धू लोकांच्या उसात पाणी पाजायला जाऊ लागला. हरिबा मास्तर त्यांच्याकडं जाऊन यायचे, बनुबाई भाजी घेऊन जायची, पण उपयोग झाला नाही. गुंडा म्हणायचा, "देवापुढं मान वाकवली की येतील." तो म्हणायचा खरा, पण आता समोरचं टोक बनुबाई धरायची आणि तिथं सिद्धू नाही याची आठवण त्याला दर दोराला व्हायची.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. पाऊस वेळेवर लागला आणि बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला. बेंदराला बैलांना नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा लागतो, त्यामुळं दोर वळणाऱ्याला त्या दिवसांत मान खाजवायला सवड नसते. गावातले मोठे शेतकरी मानसिंगराव स्वतः वस्तीत आले आणि म्हणाले, "गुंडा, औंदा बैलांची मिरवणूक माज्या दारातनं निघनार. सोमवारी सकाळी कासरं मिळालं पायजेत बघ."

"मिळतील की," गुंडा म्हणाला.

पण पावसानं वाक वाळू दिला नाही. शनिवारी संध्याकाळी वाक तयार झाला आणि कासरे वळायचे राहिले. दुसऱ्या दिवशी रविवार. त्यातून त्या रविवारी सांगलीला गावोगावच्या मंडळ्यांची मोठी सभा होती आणि अख्खी वस्ती पहाटे गाड्या जुंपून निघणार होती.

सकाळी गुंडानं पोट धरलं. "लय कळा येत्यात गं," तो म्हणाला.

बनुबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या वाकाकडं पाहिलं. "ववा ठिवलाय उतरंडीवर," एवढंच म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

गाड्या वळणाआड गेल्या तशा गुंडाच्या कळा थांबल्या. सिद्धू आणि चंद्राबाई पहाटेच लोकांच्या रानात कामाला गेले होते, त्यामुळं वस्तीत बघायला कुणी नव्हतं. तो वाक घेऊन देवळापुढच्या लांब मोकळ्या पट्टीत आला. रोज दोर तिथंच वळले जायचे. आता दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि टोक घंटेच्या खांबाला बांधलं. मग लांब जाऊन फिरकीला पीळ भरायला लागला.

माणूस टोक धरतो तेव्हा दोर आखडला की तो दोन पावलं पुढं येतो. खांब कुठं पुढं येणार? पीळ भरत गेला, दोर आखडला, खांब वाकला आणि घंटा वाजली.

टण्ण!

गुंडाच्या हातातली फिरकी पडली. रिकाम्या वस्तीत कोंबड्यासुद्धा माना वर करून बघायला लागल्या. जरा दम खाऊन त्यानं पुन्हा पीळ भरला. पुन्हा टण्ण! देवानं तिसऱ्यांदा सांगायच्या आत त्यानं डोक्याचा फेटा सोडला, खांबावर चढला आणि घंटेच्या लोलकाला फेट्याच्या कापडानं घट्ट गुंडाळून टाकलं. नंतर दुपारभर घंटा नुसती थप थप करत राहिली आणि गुंडा बोडक्या डोक्यानं कासरे वळत राहिला. गाड्या परत यायच्या आत फेटा डोक्यावर होता, कासरे घरात होते आणि गुंडा अंथरुणात होता.

"कळा थांबल्या?" बनुबाईनं विचारलं.

"थांबल्या," गुंडा भिंतीकडं तोंड करून म्हणाला.

आता शिक्षा होणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ती कुठून येते एवढंच बघायचं होतं. बेंदराच्या दिवशी मिरवणुकीत कासरा तुटणार, बैल उधळणार आणि गावाच्या देखत आपलं नाक कापलं जाणार, असा त्यानं अंदाज बांधला. तो कडेला एका ओट्यावर चढून जीव मुठीत धरून उभा राहिला. मानसिंगरावांची खिलारी जोडी फटाक्यांनी बिथरली, दोन पायांवर उभी राहिली, चार गडी कासऱ्याला लोंबकळले. कासऱ्याचा एक धागाही तुटला नाही.

"कासरा हाय का साखळदंड!" मानसिंगराव ओरडले आणि त्यांनी भर गर्दीत गुंडाच्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी त्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या, वर नवा फेटाही आला. गुंडानं पोळीचा घास घशात अडकेल म्हणून चिमणीच्या घासाएवढे तुकडे करून खाल्ले. काही अडकलं नाही. पोळी लय चांगली होती.

मग तो विजेची वाट बघायला लागला. आभाळ गडगडलं की अंगणात जाऊन एकटा उभा राहायचा आणि बनुबाईला म्हणायचा, "माज्याजवळ यिऊ नगंस. तू कशापायी फुकट मरतीस?" वीज येरळेपलीकडं कुठं तरी पडायची. हा ओलाचिंब होऊन घरात यायचा आणि त्याला साधी शिंकही यायची नाही. वर्षभर ठणकणारी दाढ भाकरी खाताना आपसूक निघून हातात आली. म्हैस अडली म्हणून तो हात जोडून गोठ्यात बसला, तर म्हैस सुखरूप सुटली आणि पारडी झाली, रेडा नव्हे. बनुबाई हरखली. गुंडानं त्या पारडीकडं असं बघितलं की जणू तिनं त्याचा अपमान केला होता.

"तुमाला झालंय तरी काय?" बनुबाई म्हणाली. "समदं चांगलं चाललंय आन तुमचं त्वांड सुतकी!"

शेवटी राहवेना तेव्हा तो शाळा सुटल्यावर हरिबा मास्तरांकडं गेला. मास्तर ओसरीवर गूळ खात बसले होते, कारण साखर अजून रेशनवर होती आणि त्यांना गोडाचं भारी वेड.

"मास्तर," गुंडा म्हणाला, "द्येव मला इसरला का?"

"का रं बाबा?"

गुंडानं सगळं सांगितलं. कळा, खांब, घंटा, फेटा. फेटा लोलकाला गुंडाळला इथवर आल्यावर मास्तरांना हसू आवरेना. गूळ बाजूला ठेवून ते डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसले. गुंडाला ते मुळीच आवडलं नाही. आपल्या पापाला काही किंमत आहे की नाही?

"तुमी हसताय, पर हितं माजा जीव टांगणीला लागलाय," तो म्हणाला. "म्या येवढी आज्ञा मोडली. आन द्येव मला काय दितोय? पुरनपोळी! पारडी! आवं, मारायचं आसंल तर त्येनं मारून मोकळं व्हावं की एकदा."

मास्तरांनी डोळे पुसले. "रविवार मोडलास ते वाईट केलंस, गुंडा. आज्ञा ती आज्ञा. हसलो म्हणून ती काही हलकी झाली न्हाई. पर प्रेषित पौल काय म्हनतो ते आठव. देवाची ममता मान्साला पश्चात्तापाकडं घिऊन जाती. त्यो तुला हाकलत न्हाई, हाक मारतोय. मार चुकवाया आज्ञा पाळतो त्यो घरातला गडी. बापाचं मन मोडू नये म्हनून पाळतो त्यो ल्योक. तुला इतकी वर्सं मी वाचून दाखवतोय आन तू त्येवढं सोडून समदं ऐकलंस."

गुंडा खाली बघत राहिला. मास्तरांनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तो त्यानं तसाच धरून ठेवला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "म्या रविवारी दोर वळलं तर मला पारडी मिळाली."

"व्हय."

"आन सिद्धू रविवारी दोर घिऊन गेला तर... मंग ती पोर... मास्तर, म्या मसणवाटेत काय बोलून बसलो?"

गुंडाच्या हातातला गूळ घामानं चिकट झाला होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा देवाची भीती न वाटता लाज वाटली, आणि ती भीतीपेक्षा फार वाईट होती.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मेजावर पांढरी चादर, तिच्यावर भाकर आणि पेला. कुरणवाडीच्या लोकांकडं पैसा फारसा नसायचा, म्हणून जो तो घरातलं मूठभर धान्य आणून मेजापुढच्या सुपात अर्पण टाकायचा आणि मग भाकरीला हात पुढं करायचा. चूक झालेल्या माणसानं त्याआधी मंडळीपुढं उभं राहून ती कबूल करायची, अशी रीत होती. कित्येकांना गुंडानंच तिथं उभं केलं होतं. आज तो स्वतः उठला तेव्हा लोकांना वाटलं, कुणाची तरी पाळी आली.

"म्या चौथी आज्ञा मोडली," गुंडा म्हणाला आणि त्यानं गोष्ट सांगितली. पोटातल्या कळांना बनुबाईनं मान हलवली. घंटेपाशी पोरं खुदखुदली. फेट्यापाशी म्हाताऱ्यांनीही तोंडाला पदर लावला, आणि एक पंच तर उठून बाहेर जाऊन हसून आला. गुंडाला एरवी याचा संताप आला असता. आज तो थांबला, त्यांचं हसणं संपू दिलं आणि मग माफी मागितली. मंडळीनं माफी दिली. आता सुपात धान्य टाकायचं आणि भाकर घ्यायची, एवढंच राहिलं होतं.

गुंडा मूठ घेऊन सुपापाशी गेला आणि तिथंच अडकला. बनुबाईच्या शेजारची दोन माणसांची जागा रिकामी होती. वर्षभर ती तशीच रिकामी होती. तुझं अर्पण वेदीपुढं तसंच ठेव, आधी जाऊन आपल्या भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलेलं त्यानं शंभरदा ऐकलं होतं. ते आपल्याला सांगितलंय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं जोंधळे सुपात न टाकता मेजाच्या कडेला ठेवले.

"मास्तर, जरा थांबता का? म्या आलोच," तो म्हणाला.

"आमी हितंच हाय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी एक मोठं गीत सुरू केलं.

सिद्धूचं घर वस्तीच्या टोकाला होतं. चंद्राबाई दारात गोधडी शिवत बसली होती. गुंडाला येताना पाहून तिनं झटकन सुई पदराखाली लपवली. गुंडानं ते पाहिलं.

"नगं लपवूस, पोरी," तो म्हणाला.

सिद्धू आतून बाहेर आला. "काय तात्या? आता काय चुकलं आमचं?"

गुंडा अंगणात जमिनीवरच बसला. पंच होता, चुलता होता, पण ओट्यावर बसायचा त्याला धीर झाला नाही. "तुमचं न्हाई. माजं," तो म्हणाला. "म्याबी रविवार मोडला, सिद्धू. हे देवळापुढं. तुज्यापरीस वाईट मोडला, लबाडी करून मोडला. द्येवानं मला केसाचाबी धक्का लावला न्हाई. तवा तुजी रूत द्येवानं रागानं न्हेली, ह्ये द्येव कदीच बोलला न्हवता. त्ये म्या बोललो. द्येवाच्या नावावर म्या बोललो. मला माफी कर."

सिद्धू खांबाला टेकून उभा राहिला. बोलली ती चंद्राबाई.

"वरीस झालं, म्या हात जोडलं न्हाईत," ती म्हणाली. "भ्या वाटायचं, तात्या. द्येव आमच्यावर येवढा रागावलाय, आन पोर त्येच्याजवळ. मंग तिला तितं जवळ कोन घेत आसंल? ह्येच डोस्क्यात. रातध्याड ह्येच."

गुंडाला रडू फुटलं. इतकी वर्षं कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर तयार असायचं. आता त्याला कसंबसं आठवलं ते त्यानं सांगितलं. "बायका पोरं घिऊन आल्या व्हत्या प्रभूकडं. शिष्य त्यास्नी हाकलाय लागलं. प्रभू त्येंच्यावर रागावला आन त्येनं पोरं उचलून कवटाळली. रूतबी तितंच हाय बग, त्येच्या मांडीवर. त्या हाकलनाऱ्यांत म्या व्हतो, पोरी. त्यो न्हवता."

चंद्राबाई पदर तोंडाला लावून मोकळं रडली. सिद्धू येऊन चुलत्याजवळ जमिनीवर बसला. देवळातलं गीत इथवर ऐकू येत होतं. मास्तरांनी एक संपवून दुसरं धरलं होतं.

"तिला मांडीवर बसायचं लय याड," चंद्राबाई म्हणाली. रडता रडताच तिला हसू आलं. "तुमच्या मांडीवर बसून तुमच्या मिशा वडायची. किती दुखत आसंल तुमाला."

"लय दुखायचं."

"तरी कदी तिला रागं भरलं न्हाई तुमी."

"लेकराला कोन रागं भरतंय, पोरी?" गुंडा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

चंद्राबाईनं डोळे पुसले. घरात जाऊन तिनं पदरात मूठभर जोंधळे घेतले आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "उठा आता. मास्तर खोळंबल्यात."